अनुत्तरित प्रश्नांचे मोल

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा वाचल्यावर मनात काही प्रश्न उरतात. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी एका समांतर विश्वात कानाजवळून निसटते, मराठे विजयी होतात. आणि आजचे इतिहासतज्ज्ञ गंगाधरपंत त्या विश्वात जाऊन पोचतात. उदगीरच्या विजयानंतर, १७६० मध्ये, ज्या बऱ्हाणपुरावर पेशव्यांचा अंमल बसला, त्या परिसरातील आम्हां वाचकांना ही कल्पना विशेषच भुरळ घालते.

पुंजभौतिकी कणाच्या वर्तनाची केवळ संभाव्यता सांगते. सर्वच शक्यता आपापल्या शाखेत प्रत्यक्षात येतात, असा अर्थ ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीतून निघतो. कथेला आधार एवढाच. शाखांमध्ये ये-जा होते, यास पुरावा नाही. मग गंगाधरपंतच तेथे का गेले? पुस्तकाचे फाटके पान त्यांच्याबरोबर परत कसे आले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानापाशी नाही, असे कथेतील राजेंद्र देशपांडे मोकळेपणाने मान्य करतात. आमच्या मते हा कथेचा दोष नव्हे. विद्यार्थ्याने असे विचारले, तर शिक्षकाने ओढूनताणून उत्तर देऊ नये. ज्ञात, कल्पित आणि अज्ञात यांच्या सीमारेषा तेवढ्या दाखवाव्यात. विज्ञानाची गोडी तेथूनच लागते.