जंगल मुळात दाट होतं का?

उन्हाळ्याच्या तोंडी कर्जतजवळच्या कडाव-कशेळे भागात येणाऱ्या शहरी पाहुण्याला तीन गोष्टी हमखास खटकतात : उघडे माळ, फांद्या उतरवून खुंटासारखे उभे असलेले ऐन आणि भाजून काळ्या पडलेल्या राबाच्या जागा. इथलं जंगल संपलं, असा निकाल मग लगेच लागतो. या निकालाच्या तळाशी एक समज आहे. जंगल म्हणजे मुळात दाट, ओलं, माणसाचा हात न लागलेलं. जे तसं नाही ते बिघडलेलं. वस्तुस्थिती अशी, की जंगल हा शब्द आपला असला तरी त्याचा हा अर्थ बराचसा इंग्रजीतून फिरून आलेला आहे.

संस्कृतातला ‘जांगल’ हा दाट झाडीचा प्रदेश नव्हेच. चरक-सुश्रुतांनी भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार केले. त्यात पाणथळ, दमट तो आनूप. जांगल तो कोरडा, वाऱ्याचा, मोकळ्या आकाशाचा. तिथे झाडं असतात, पण ती खैर, धावडा, बोर, आवळा अशी. राजाने धान्याने समृद्ध अशा जांगल देशात वस्ती करावी, असं मनुस्मृती सांगते. राजाला दाट अरण्यात राहायला कुणी सांगणार नाही! इंग्रजांनी हा शब्द उचलला तेव्हाही त्याचा अर्थ पडीक जमीन असाच होता. हॅल्हेडच्या 1776च्या हिंदू कायद्याच्या इंग्रजी ग्रंथात पाच वर्षं न कसलेल्या जमिनीला जंगल म्हटलं आहे. यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश 1886मध्ये आला. त्यांनी नोंदवलं आहे, की देशी शब्दाचा मूळ रोख जमीन कसलेली नाही यावर होता. इंग्रजांच्या तोंडी तो तिथे माजलेल्या झाडोऱ्यावर गेला. पुढे किपलिंगचं ‘द जंगल बुक’ 1894मध्ये आलं. 1906मध्ये तर अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या कत्तलखान्यांवरच्या कादंबरीला ‘द जंगल’ हे नाव दिलं. न छाटलेली वाढ, मग बेबंदपणा, मग जीवघेणी स्पर्धा असा हा प्रवास झाला.

यावर आक्षेप येईल, की शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, व्युत्पत्तीने नाही. शिवाय कर्जतला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे चरकाचा कोरडा जांगल कसा लागू व्हावा? दोन्ही मुद्दे मान्य. कडाव म्हणजे जांगल देश, असं कुणी म्हणत नाही. पण हा पाऊस चार महिन्यांचा आहे आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे. इथलं रान पानगळीचं आहे; चैत्रात ते विरळ दिसतं, याचा अर्थ ते मेलं असा नाही. आणि बोलीत ‘रान’ हा शब्द कधीच फक्त झाडीपुरता नव्हता. देशावर तर शेतकरी सकाळी रानात जातो तो शेतातच.

छाटलेल्या ऐनाची गोष्ट अशीच. भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या पसरून जाळायच्या, म्हणजे राब भाजायचा. त्यासाठी ऐन-किंजळीची कवळ, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, तोडतात. खोड शाबूत राहतं, पावसात ऐन पुन्हा फुटतो. भाताच्या खाचराला जोडून वरकस जमीन असे, ती यासाठी आणि गवतासाठीही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकारने जंगलं राखीव करून राबावर बंधनं घातली तेव्हा इतका असंतोष झाला, की 1885मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याच्यापुढचा एक मोठा वाद राबाचाच होता. ठाकर आणि कातकऱ्यांच्या दळी जमिनींचा प्रश्नही इथलाच : सरकारच्या लेखी जंगल, कसणाऱ्याच्या लेखी नाचणी-वरीचं शेत.

मग तोड झालीच नाही का? झाली, भरपूर झाली. मुंबईच्या चुलींसाठी या डोंगरांतून कोळसा गेला. दरवर्षी वेळेआधी आणि बुंध्यापर्यंत छाटलं तर ऐनही खचतो. पण ही तोड आणि राबाची छाटणी एका मापाने मोजता येत नाही, आणि दाटपणा हे एकच माप धरलं की नेमकं तेच होतं. हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा कोशातला अर्थ धरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 रोजी सांगितलं, तेव्हापासून देशभरातल्या जमिनींचं भवितव्य त्या अर्थावर ठरत आलं आहे.

पावसाळ्यात रोपं घेऊन कर्जतला येणाऱ्या मंडळींना म्हणून एक विनंती. माळावर खड्डे घेण्याआधी जवळच्या वाडीत विचारा, की इथलं गवत कोण कापतं, गुरं कुठे चरतात, दळी कुणाची आहे. उत्तर मिळालं तर रोपं दुसरीकडे लावा.