साठीनंतर रिपोर्टमध्ये ‘जन्मजात दोष’? आधी धमनीची वाट विचारा

छातीत दुखतं म्हणून साठी-सत्तरीतल्या माणसाची अँजिओग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये लिहून येतं, हृदयाची एक धमनी जन्मापासूनच भलत्या ठिकाणाहून निघाली आहे. घरात पहिला प्रश्न येतो, मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? साध्या ईसीजीत हे सहसा दिसत नाही आणि बहुतेकांना त्याचा त्रासही होत नाही. अँजिओग्राफी केलेल्या शंभरांत साधारण एकाची ठेवण अशी वेगळी असते.

हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या डाव्या आणि उजव्या धमन्या महाधमनीच्या मुळाशी आपापल्या बाजूने निघतात. काहींमध्ये डावीची एक फांदी उजवीकडून निघते आणि महाधमनीच्या मागून वळसा घालून जागेवर पोचते. हा प्रकार बराच आढळतो आणि सहसा निरुपद्रवी असतो. धोका आहे तो डावी मुख्य धमनी उजवीकडून निघून, महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनी यांच्या बेचक्यातून जात असेल तर. जोराच्या श्रमात तिच्यावर दाब येतो, रक्त कमी पडतं.

अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच 1988 मध्ये चाळिसाव्या वर्षी खेळतानाच कोसळून गेला. त्याला जन्मतः डावी धमनीच नव्हती, हे शवविच्छेदनात कळलं. तोवर गडी दहा वर्षं व्यावसायिक सामने खेळला होता!

मात्र अशा अचानक मृत्यूचा धोका मुख्यतः तरुणपणीचा. उतारवयात छातीतल्या दुखण्याचं कारण बऱ्याचदा नेहमीचं ब्लॉकेजच निघतं. त्यामुळे सगळं खापर जन्मावर फोडून बीपी, शुगर आणि तंबाखूकडे डोळेझाक करण्यात अर्थ नाही. धमनीची नेमकी वाट सीटी अँजिओग्राफीत दिसते. ऑपरेशन लागेल का, हे ती वाट, त्रास आणि स्ट्रेस टेस्ट पाहून ठरतं. चढ चढताना छाती आवळत असेल किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर थांबू नये.

सीमाभागातला पेशंट आज बेळगावात, उद्या कोल्हापूर किंवा हुबळीला दाखवतो आणि जुनी फाइल घरीच राहते. इथे ते महागात पडू शकतं. मागून वळसा घेणारी फांदी हृदयाच्या झडपांना खेटून असते. झडपेच्या ऑपरेशनमध्ये टाका घालताना तिला इजा होऊ शकते. म्हणून अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट सोबत न्यावा, आणि सर्जनला हे तोंडानेही सांगावं.