गाणे थांबते तेव्हा : ‘ला ला लँड’मधील स्वप्न, प्रेम आणि कलेची आस

चित्रपट संपून नामावली सुरू झाली तरी माझा मित्र खुर्चीवरून उठला नव्हता. कॉलेजात असताना तो तबला शिकत होता, हातही बरा होता. पुढे नोकरी लागली, बदल्या झाल्या आणि तबला-डग्गा माळ्यावर गेला. बाहेर येऊन चहा घेताना त्याने एवढेच विचारले, “शेवटी ते दोघे एकमेकांकडे बघून हसले, ते कशाला?” मी त्या वेळी काहीतरी ठोकून दिले. प्रश्न मात्र मनात राहिला. नंतर तो चित्रपट मी बऱ्याचदा पाहिला, आणि उत्तर कथेपेक्षा गाण्यांच्या मांडणीत सापडेल असे वाटू लागले. त्या शोधाचा हा लेखाजोखा.

डेमियन शझेलचा ‘ला ला लँड’ २०१६ साली व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. ऑस्करची १४ नामांकने त्याला मिळाली, ६ पुरस्कार पदरात पडले, आणि वयाच्या ३२व्या वर्षी शझेल दिग्दर्शनाचा ऑस्कर मिळवणारा सर्वांत तरुण दिग्दर्शक ठरला. सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून आधी याचे नाव पुकारले गेले आणि मग चूक सुधारून तो मान ‘मूनलाइट’ला देण्यात आला, हा प्रसंग सर्वांना आठवतो. हातात आलेले स्वप्न भर मंचावर परत द्यावे लागणे, हे या चित्रपटाच्या विषयाला साजेसेच झाले.

कथा दोन ओळींत सांगता येते. मिया (एमा स्टोन) स्टुडिओच्या आवारातल्या कॉफीच्या दुकानात काम करते आणि नटी होण्यासाठी ऑडिशन देत फिरते. सेबॅस्टियन (रायन गॉस्लिंग) हा जॅझचा पियानोवादक. अस्सल जॅझ वाजेल असा स्वतःचा क्लब काढायचे त्याचे स्वप्न आहे. दोघे प्रेमात पडतात, एकमेकांच्या स्वप्नांना बळ देतात. पुढे दोघांचीही स्वप्ने पुरी होतात, पण ते एकमेकांचे राहत नाहीत. ‘ला ला लँड’ हे लॉस एंजेलिसचे लाडके नाव, आणि वास्तवाचे भान सुटलेल्या माणसाच्या मनोराज्यालाही इंग्रजीत हेच नाव आहे. चित्रपटाला दोन्ही अर्थ हवे आहेत.

आता गाण्यांविषयी. पडद्यावरचे पात्र बोलता बोलता गाऊ लागले की पाश्चात्त्य प्रेक्षकांपैकी अनेकांना आज ते अवघडल्यासारखे वाटते. आपले तसे नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हापासून पदासाठी कथा थांबवून धरायची, आवडले तर ‘वन्स मोअर’ मागायचा, ही सवय आपल्या अंगात मुरली आहे. १९३१च्या ‘आलम आरा’त सात गाणी होती. माणसे गातात याचे आपल्याला नवल नाही. म्हणूनच या चित्रपटात माणसे गायची थांबतात, ते मराठी प्रेक्षकाच्या कानाला चटकन जाणवावे. माझ्या मते चित्रपटाचे सारे म्हणणे त्या थांबण्यात आहे.

सुरुवात होते ती लॉस एंजेलिसच्या द्रुतगती मार्गावरील वाहतूक कोंडीने. प्रत्येक मोटारीत वेगळे संगीत चालू आहे. जो तो आपापल्या काचेच्या पेटीत. मग एक तरुणी गुणगुणत दार उघडून बाहेर येते, आणि बघता बघता सगळा रस्ता टपांवर चढून नाचू लागतो. नशीब काढायला या शहरात आलेल्यांचे हे समूहगीत. खऱ्याखुऱ्या उड्डाणमार्गावर, रणरणत्या उन्हात, दोन दिवसांत ते चित्रित झाले आणि सांधे दिसणार नाहीत असे जोडले गेले. गाणे संपताच सगळे मुकाट्याने गाडीत बसतात, दारे एकदम आपटतात, हॉर्न सुरू होतात. आणि भगभगीत उन्हावर अक्षरे उमटतात : ‘हिवाळा’. स्वप्नातला ऋतू आणि पंचांगातला ऋतू वेगळे आहेत, हे पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकले जाते.

पुढे एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. गाणे रंगात येते आणि रोजच्या जगातली एखादी क्षुल्लक बाब ते मोडून टाकते. मैत्रिणींबरोबर नटूनथटून मेजवानीला गेलेली मिया बाहेर येते तर तिची गाडी उचलून नेलेली. ग्रिफिथ पार्कच्या टेकडीवर, मावळतीच्या जांभळ्या उजेडात दोघे नाचतात. गाण्यात मात्र आपल्याला एकमेकांविषयी काहीच वाटत नाही असा दावा करतात. हा सहाएक मिनिटांचा प्रसंग न तोडता एका दमात टिपलेला आहे. नाच संपून चेहरे जवळ येतात, तोच तिचा मोबाइल वाजतो. असे मोडणारे आवाज नसते तर हा चित्रपट जुन्या हॉलिवूडची गोड नक्कल ठरला असता. फक्त वेधशाळेतल्या तारांगणात दोघे हवेत तरंगतात तेव्हा कोणी अडवत नाही. तिथे शब्दही नाहीत, केवळ जस्टिन हर्विट्झचे संगीत आहे.

उन्हाळा येतो आणि गाण्याचा स्वभाव बदलतो. मिया फोनवर आईशी बोलत असते. सेबॅस्टियनच्या कानावर एकच बाजू पडते. नाही, अजून क्लब नाही. नाही, कायमचे काम नाही. पण तो काढेल काहीतरी मार्ग. तो छताकडे पाहतो. तिथे पाण्याचा डाग पडला आहे. दुसऱ्या कोणत्याही संवादाशिवाय आपल्याला कळते, की हा आता जुन्या ओळखीच्या कीथच्या बँडमध्ये पगारी कीबोर्ड वाजवायला जाणार. तडजोड लोभापायी होत नाही, प्रेमापोटी होते. मियाने मात्र ती मागितलेली नसते. त्यानेच तिला स्वतःचे नाटक लिही म्हणून धीर दिला, तिनेच त्याच्या क्लबची पाटी चितारली. पण एकमेकांच्या वाट्याचे ओझे न विचारता उचलल्यामुळेच दोघांचे बिनसते. माझ्या पाहण्यात कितीतरी घरांत हेच झाले आहे.

मग शरदातले ते भांडण. दौऱ्यावरून अचानक आलेल्या सेबॅस्टियनने स्वयंपाक करून ठेवला आहे. बोलणे हळूहळू धारदार होते. मागे तबकडी वाजत असते. तो एक लागट वाक्य बोलून जातो आणि नेमकी तबकडी संपते. सुईची नुसती खरखर ऐकू येते. पुढे ओव्हनमध्ये काहीतरी करपते आणि धुराचा गजर वाजू लागतो. संगीतपटातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगी कोणी गात नाही, हेच त्याचे संगीत. या मधल्या काळात मोठे म्हणावे असे एकच गाणे होते, ते कीथच्या बँडच्या मंचावर. त्यावर हजारो लोक नाचतात. गर्दीतली मिया मात्र स्तब्ध उभी असते. गाणे आता मनातून येत नाही, ते नोकरीचा भाग झाले आहे.

कीथच्या निमित्ताने या चित्रपटावरचा मोठा आक्षेपही नोंदवायला हवा. जॅझ ही कृष्णवर्णीय अमेरिकनांनी घडवलेली कला. तिला वाचवण्याचे स्वप्न गोऱ्या नायकाचे आणि तिच्याशी तडजोड करणारा कीथ (जॉन लेजंड) कृष्णवर्णीय, ही मांडणी अनेकांना खटकली. मलाही ती खटकते. पण कीथच्या तोंडी घातलेला युक्तिवाद चित्रपटाने कमकुवत ठेवलेला नाही. ज्या थोरांची तू पूजा करतोस ते आपल्या काळात बंडखोर होते, तू भूतकाळाला चिकटून बंड कसे करणार, असा त्याचा मुद्दा आहे. घराण्याची शुद्धता आणि नवा श्रोता यांचा आपल्याकडचा वाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. सेबॅस्टियनकडे त्याचे उत्तर नसते.

मियाच्या एकपात्री प्रयोगाला मोजकीच माणसे येतात, बँडच्या छायाचित्रणात अडकलेला सेबॅस्टियन तर येतच नाही. प्रयोगानंतर पडद्यामागून ऐकू आलेले शेरे तिला पुरेसे होतात. ती नेवाडातल्या आपल्या गावी, बोल्डर सिटीला निघून जाते. तिच्यासाठी ऑडिशनचे बोलावणे येते ते सेबॅस्टियनच्या फोनवर. घर ग्रंथालयासमोर आहे, एवढ्या आठवणीवर तो रात्री तिथे पोहोचतो आणि हॉर्न वाजवतो. पहिल्या भेटीत कोंडीत अडकलेल्या मियामागे वैतागून वाजवलेला हॉर्न तो हाच. स्वप्न मोडणारा आवाज आता स्वप्नाकडे बोलावतो. मला हा चित्रपटातला प्रेमाचा सर्वांत मोठा क्षण वाटतो. या हाकेने ती आपल्यापासून दूर जाणार, याची पुरेपूर कल्पना असूनही तो हॉर्नवरचा हात काढत नाही.

ऑडिशनमध्ये मिया आपल्या मावशीची गोष्ट सांगू लागते आणि सांगता सांगता गाते. भोवतालचा उजेड विझतो, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो. एमा स्टोनने हे गाणे चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष गायले. आवाजातला कंप तसाच ठेवला आहे. इतका वेळ रुसलेले गाणे परत आले आहे, पण एकटीपुरते. त्यानंतर दोघे टेकडीवरच्या त्याच परिसरात बसतात. आता दिवस आहे, आणि हे ठिकाण दिवसा किती साधे दिसते असे तिच्या लक्षात येते. प्रेम कायम राहील असे दोघे म्हणतात. पुढे काय करायचे याचा बेत मात्र आखत नाहीत.

जुन्या हॉलिवूड संगीतपटांत, उदाहरणार्थ १९५२च्या ‘सिंगिन इन द रेन’मध्ये, कलेतले यश आणि प्रेमातले यश हातात हात घालून येतात. शझेलला दुसरा वारसा मिळाला तो फ्रेंच दिग्दर्शक जाक दमीकडून. १९६४च्या ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबर्ग’मध्ये सारे संवाद गायलेले आहेत आणि ताटातूट झालेले प्रेमिक शेवटी बर्फ पडत असताना पेट्रोल पंपावर क्षणभर भेटतात. तिथे त्यांना वेगळे करते अल्जीरियाचे युद्ध. इथे युद्ध नाही, खलनायक नाही, घरचा विरोधही नाही. दोघांची आसच त्यांना वेगळ्या गावांना नेते.

पाच वर्षांनी, पुन्हा हिवाळ्यात, प्रसिद्ध झालेली मिया नवऱ्याबरोबर जाताना वाहतूक कोंडीत अडकते आणि वाट बदलून एका क्लबात शिरते. दारावर तिनेच चितारलेली पाटी आहे. सेबॅस्टियन तिला पाहतो, पियानोवर जुनी धून छेडतो, आणि साडेसात मिनिटांच्या आसपास चालणारे एक स्वप्न सुरू होते. जे घडले नाही ते सगळे त्यात घडते. तो कीथला नकार देतो, तिच्या नाटकाला गर्दी होते, पॅरिस होते, मूल होते. रंगवलेले पडदे आणि नृत्य, थेट १९५१च्या ‘अॅन अमेरिकन इन पॅरिस’च्या वळणाचे. जुना संगीतपट आपल्या सगळ्या थाटासह परत येतो.

पण या स्वप्नाचा शेवट नीट पाहावा. त्यातही दोघे एका क्लबात येतात, आणि सेबॅस्टियन मियाशेजारी श्रोता म्हणून बसतो. पियानोवर दुसराच कोणीतरी आहे. म्हणजे हवे तसे रचलेल्या मनोराज्यातही त्याला सगळे मिळत नाही. तिला मिळवले तर क्लब जातो. स्वप्नातसुद्धा किंमत चुकत नाही, फक्त ती दुसऱ्या खिशातून जाते.

मग धून संपते. मिया दाराशी थांबून मागे वळते. दोघे पाहतात, हसतात, तो किंचित मान हलवतो आणि पुढच्या गाण्यासाठी ताल मोजतो.

मित्राला आज सांगेन, की ते हसले ते हिशेब पटल्यामुळे. आपण जे झालो त्यात दुसऱ्याचा हात आहे, आणि तो हात कायमचा धरून ठेवला असता तर कदाचित झालो नसतो, हे दोघांना एकाच वेळी कळले. कलेसाठी प्रेम सोडावे, असा धडा मी यातून घेत नाही. तबला माळ्यावर ठेवून ज्याने संसार केला, त्याचे जगणे उणे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही चित्रपटाला नाही. न जगलेले आयुष्य प्रत्येकाकडे असते. त्याच्याकडे एकदा प्रेमाने पाहून पुन्हा आपल्या तालावर यायचे, एवढे मात्र सेबॅस्टियनच्या त्या मान हलवण्यातून शिकता येते.