आवराआवरीच्या वेळचा बाजार

बर्लिन : मंगळवार आणि शुक्रवार हे माझे भाजीचे वार. नॉयकोल्न भागात कालव्याच्या काठाने, मायबाखउफर रस्त्यावर, तुर्की बाजार भरतो. दुपारी तिथे गेलात तर नेहमीचे भाव. संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की आरोळ्या बदलतात : ‘आइने शाले, आइन ऑयरो!’ वाडगाभर माल, एक युरो. टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची; तोलणं नाही, घासाघीस नाही. आपल्या आठवडी बाजारातला वाटाच तो. परवा आम्ही तिघांनी मिळून पाच वाडगे घेतले आणि रात्री एकाच स्वयंपाकघरात वांग्यांचं भरीत केलं.

विद्यार्थी व्हिसासाठी इथे बंद खात्यात वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला 992 युरोच हाती पडतात. भाडं आणि आरोग्यविमा यांना कात्री लावता येत नाही. काटकसर करायची ती पोटापाण्यातच.

सुरुवातीला मी सगळ्यांत स्वस्त दुकान शोधत हिंडलो. आल्डी आणि लिडल यांच्यात रोजच्या जिन्नसांच्या भावात फारसा फरक निघाला नाही. फरक पडतो तो वेळेने आणि तारखेने. दह्याच्या डब्यावरच्या तारखेचा जर्मन अर्थ ‘किमान इतके दिवस टिकेल’ असा आहे. त्या दिवशी दही नासतं असं नाही. तारीख जवळ आली की दुकानदार त्यावर सवलतीचं स्टिकर लावतात. असं दही मी बिनघोर आणतो, उघडून वास घेतो, चव बघतो. खिम्यावर मात्र ‘अमुक तारखेपर्यंतच वापरा’ असं लिहिलेलं असतं. तिथे हयगय करायची नाही.

स्टिकर लावूनही जे खपत नाही, त्यातलं बरंच कचऱ्यात जातं, आणि याचं मला फार वाईट वाटतं. 2018 साली म्युनिकजवळच्या ओल्शिंगमध्ये दोन विद्यार्थिनींनी एका सुपरमार्केटच्या कुलूपबंद कचरापेटीतून टाकून दिलेलं अन्न घेतलं. त्यांना चोरीबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि 2020 मध्ये घटनात्मक न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. टाकलेल्या वस्तूवरची मालकीही कायदा राखू शकतो, असं न्यायालयाचं म्हणणं. मला ते पटत नाही. शेजारच्या फ्रान्सने 2016 मध्येच मोठ्या दुकानांना न खपलेलं खाण्याजोगं अन्न नष्ट करायला बंदी केली आहे.

इथे मात्र ते काम लोकांनी अंगावर घेतलं आहे. ‘फूडशेअरिंग’चे स्वयंसेवक दुकानांशी बोलून उरलेला माल उचलतात आणि सार्वजनिक फडताळांत आणून ठेवतात. कोणीही यावं, घ्यावं. पैसे नाहीत, चौकशी नाही. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी रात्री मी तिकडे चक्कर मारतो. काल राईचा अख्खा पाव मिळाला. बाजारातले चार टोमॅटो जास्त झाले होते, ते मी तिथे ठेवून आलो.