नळीवरचा आकडा

निवडणुकीची आचारसंहिता अमलात आली, की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात आणि कितीजणांनी ती जमा केली, कितीजणांना छाननी समितीने सूट दिली, अशी चार ओळींची बातमी जिल्ह्याच्या पानावर येते. ती वाचकांनी वाचलेली असते, आणि तिच्यात नवे काही नसल्यामुळे विसरलेलीही असते. परंतु डहाणू-तलासरीसारख्या मुलखात, जिथे एका अंगाला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, तर दुसऱ्या अंगाला सागाचे डोंगर आणि वारल्यांचे पाडे आहेत, तिथे ठाण्याच्या भिंतीशी टेकवून ठेवलेली ही हत्यारे म्हणजे एक लहानसे, अनिच्छेने भरलेले वस्तुसंग्रहालयच असते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक, डुकरांना पिटाळण्यासाठी घेतलेली बारा बोरची जोडनळी, आणि क्वचित, फारच क्वचित, आजोबांच्या नावावरून नातवाच्या नावावर चढलेली एखादी विलायती रायफल. या शेवटच्या वस्तूसाठी हल्ली हौशी संग्राहक गावोगाव चौकशा करीत हिंडतात, आणि तिच्यावर ‘बी.एस.ए.’ ही तीन अक्षरे कोरलेली असली तर त्यांचा श्वास थोडा जलद होतो.

ही तीन अक्षरे मराठी माणसाला अपरिचित नाहीत. माझ्या पिढीतील पुष्कळांनी पहिला गुडघा बी.एस.ए. सायकलवरून पडूनच फोडून घेतला. आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी महिंद्र समूहाच्या छत्राखालील कंपनीने बी.एस.ए.ची ‘गोल्ड स्टार’ मोटारसायकल भारतात आणली, तेव्हा जुन्या नावाच्या पुनरागमनाचे कौतुक वृत्तपत्रांतून पोटभर झाले. त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडली. बी.एस.ए. म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी एकत्र येऊन स्थापिलेला, सैन्यासाठी यंत्रावर बंदुका घडविणारा तो कारखाना होता. सायकल आणि मोटारसायकल ही त्याची नंतरची अपत्ये, आणि ‘एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली’ हेच त्याचे मूळ बोधचिन्ह. सायकलचा धंदा १९५७ मध्ये विकला गेला, समूह १९७३ मध्ये कोसळून दुसऱ्या उद्योगात विलीन झाला, हवेच्या बंदुकांची शाखा तेवढी स्पॅनिश मालकाकडे जाऊन तगली. मोटारसायकल परत आली. रायफल आली नाही, आणि येणारही नाही. जे पुन्हा होणे नाही त्याला बाजारात भाव चढतो हा न्याय जुन्या पैठणीपासून टपाल तिकिटापर्यंत सर्वांना लागू आहे, तो इथेही लागू पडला.

तथापि संग्राहक ज्या रायफलीच्या शोधात असतो तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या कारखान्याच्या नावात नाही. ते तिच्या नळीवर कोरलेल्या एका आकड्यात आहे, आणि या आकड्याविषयी मला थोडे सविस्तर लिहावयाचे आहे. कारण संग्राहकांच्या गप्पांत लाकडाच्या रेषा, पोलादाची निळी झळाळी, बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे मुकुटाचे शिक्के यांवर तासन्‌तास चर्चा होते, परंतु ‘.३१५ च का?’ हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

इंग्रजी फौजेची रायफल ‘थ्री नॉट थ्री’ होती, म्हणजे नळीचा व्यास एका इंचाच्या हजार भागांपैकी तीनशे तीन भाग. जेम्स पॅरिस ली नावाच्या, स्कॉटलंडात जन्मून कॅनडात वाढलेल्या कल्पक गृहस्थाने तिची खिट्टी आणि काडतुसांची पेटी योजिली, एन्फिल्डच्या जोसेफ स्पीडने तीत सुधारणा केल्या, आणि बी.एस.ए.ने त्याच यंत्रणेवर नाजूक दस्त्याची, हलक्या नळीची शिकारी रायफल घडवून तिला ‘ली-स्पीड’ असे दोघांचे नाव दिले. ती हिंदुस्थानात विकावयाची, तर एक अडचण होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची मनाई केली होती आणि गोऱ्यांना त्यातून मुक्त ठेवले होते. ज्या वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला, त्याच वर्षी हाही आला, हा योगायोग खचित नव्हे. तरीही लष्करी कोठारातून फुटलेली, चोरीस गेलेली काडतुसे कोणाच्या तरी खाजगी रायफलीत बसतील ही धास्ती सरकारच्या उशाशी कायम होती. म्हणून लष्करी मापाची नळी खाजगी माणसास वर्ज्य झाली. १९०७ मध्ये तर .४५० मापाच्या मोठ्या शिकारी काडतुसांच्या आयातीवरही हिंदुस्थान आणि सुदान येथे बंदी आली. कारण त्यांतील गोळ्या उपसून जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना पुरविता येतील, असे अधिकाऱ्यांस वाटले. त्या एका फर्मानामुळे लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी .४६५, .४७०, .४७५, .४७६ असे केसाएवढ्या फरकाचे नवनवे आकडे काढले. त्यांतले काही आकडे आजही शिकारी पुस्तकांत जिवंत आहेत.

रायफलीच्या लहान मापात तोडगा निघाला तो आणखी गमतीचा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे मानलिखर काडतूस आठ मिलिमीटरचे होते. इंग्रजी कोठारात ते सापडणे अशक्य. तेव्हा ते हिंदी गिऱ्हाइकास विकण्यास हरकत नाही, असे ठरले. आठ मिलिमीटरचे इंचांत रूपांतर केले की शून्य दशांश तीनशे पंधरा येतात. हाच तो .३१५! इंग्रजी यंत्रणेवर ऑस्ट्रियन काडतुसाची नळी चढविलेली ही बी.एस.ए.ची रायफल साहेबांच्या बंगल्यांत, संस्थानिकांच्या शिलेखान्यांत, ठेकेदारांच्या आणि बागाईतदारांच्या घरांत पोचली. आणि १९१४ साली ऑस्ट्रियाशी युद्ध जुंपले, तेव्हा शत्रूच्या काडतुसाचे माप हेच राजनिष्ठ प्रजेचे कायदेशीर माप होते, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

स्वराज्य आले, साहेब गेले, आकडा राहिला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निषिद्ध आणि अनिषिद्ध बोर असा भेद कायम ठेवला; इशापूरच्या सरकारी कारखान्याने ली-एन्फिल्डच्याच घडणीवर .३१५ ची देशी शिकारी रायफल काढली. आणि आमच्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तिची काडतुसे निघू लागली. त्यांच्या बुडावर ‘८ एम.एम.’ आणि ‘के.एफ.’ अशी अक्षरे ठोकलेली असतात. नळी इंचांत बोलते, काडतूस मिलिमीटरमध्ये, आणि दोघे एकच गोष्ट सांगतात. त्यानंतर उत्तरेकडे जे घडले ते त्या मूळच्या फर्मानकर्त्यांना स्वप्नातही सुचले नसते. काडतूस सहज मिळते म्हणून उत्तर प्रदेश-बिहारातील चोरटे लोहार आपले गावठी कट्टे याच मापाचे घडवू लागले, आणि तिकडच्या फौजदारी निकालपत्रांतून ‘.३१५ बोरचा कट्टा’ हा शब्दप्रयोग इतका रुळला, की रयतेच्या हाती धोकादायक हत्यार जाऊ नये म्हणून शोधलेला आकडा हाच रयतेच्या बेकायदा हत्याराचा आकडा ठरला. आणि जो ‘थ्री नॉट थ्री’ इतक्या कसोशीने जपून ठेवला होता, तो २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, एके-४७ समोर, आमच्या शिपायांच्या हातांत होता. यावर अधिक भाष्य करीत नाही.

आता संग्राहकांकडे वळू. त्यांची हौस खोटी नाही, आणि त्यांच्यातील जाणकार माणूस हत्यार हाती घेतो तेव्हा त्याची दृष्टी सराफासारखी असते. आधी तो नळीवरचा आणि खिट्टीवरचा अनुक्रमांक ताडून पाहतो. दोन्ही जुळले नाहीत, तर रायफल जोडकाम केलेली, आणि तिची किंमत तिथेच उतरते. मग दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड मूळचे की बदललेले, निळाई कारखान्याची की पुन्हा चढविलेली, नळीच्या आतील आटे झिजलेले की टवटवीत, हे पाहतो. घासूनपुसून नव्यासारखे चकचकीत केलेले हत्यार सामान्य माणसास आवडते आणि संग्राहकास नेमके तेच नकोसे वाटते. ज्या मालकाने प्रेमाने पॉलिश केले, त्यानेच अजाणता वारशाचे मोल घालविले. शेवटी तो विचारतो, ही कोणाची? जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ मध्ये जी .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली, ती तिच्यावरील लहानशा रुपेरी पट्टीमुळे ओळखता येते, आणि ती २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने स्वतःच परत मिळविली. लाकूड-पोलाद तेच, पट्टीने तिला रायफलींची राणी केले.

परंतु आपल्याकडे किंमत चढते ती केवळ रसिकतेने चढत नाही. सामान्य परवानाधारकास परदेशी बंदूक आयात करण्याचा मार्ग १९८० नंतरच्या दशकातच बंद झाला. तेव्हा देशात आधीच असलेला जुना विलायती माल हाच काय तो माल उरला. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाने बाळगावयाच्या हत्यारांची संख्या तीनवरून दोनवर आणली, वारशाने आलेली हत्यारेही त्यातच मोजली, आणि ज्यांच्याकडे तिसरे होते त्यांस ते वर्षाच्या आत ठाण्यात वा विक्रेत्याकडे जमा करण्यास सांगितले. घराघरांत कोणते दोन ठेवायचे असा प्रश्न उभा राहिला, आणि माझी समजूत अशी, की पुष्कळ ठिकाणी गेले ते आजोबांचे. उपयोगाची जोडनळी राहिली, भिंतीवरची रायफल उतरली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ‘क्युरिओ’ या सदरात मोडणारी लहान शस्त्रे केवळ बाळगण्यास परवाना नको, वापरण्यास वा वाहून नेण्यास मात्र हवा, अशी सवलत आली. चालती रायफल त्या सदरात बसते की नाही हा वादाचा मुद्दा. आणि बसविण्यासाठी ती निकामी करावी, तर संग्राहक हळहळतो. सरकारी कलमांच्या या दुहेरी कात्रीत रायफल जितकी सापडते तितकी ती दुर्मिळ होते, आणि जितकी दुर्मिळ तितकी ‘मौल्यवान’. ही दुर्मिळता कारागिराची कमी आणि कारकुनाची अधिक, असे म्हटले तर संग्राहकांनी रागावू नये.

डहाणू-तलासरीत या वस्तूला आणखी एक इतिहास आहे. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर या भागातील वाघांची नोंद करते. आज वाघ नाही, बिबट्या आहे. वाघ राहिला तो वारल्यांच्या वाघदेवात, चंद्रसूर्य कोरलेल्या त्या लाकडात आणि दगडात, ज्याला वाघबारशीला शेंदूर आणि मान मिळतो. ज्यांचा वाघाशी रोजचा संबंध त्यांनी त्याचा देव केला. ज्यांना तो हौसेपुरता हवा होता त्यांनी त्याचे कातडे केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती हौस संपली, तोवर उशीर झाला होता.

आणि बंदुकीचे तोंड केवळ वाघाकडेच नव्हते. जमीनदार आणि सावकार यांच्या अमलाखाली वेठ आणि लग्नगडीची, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी धन्याकडे राबण्याची, गुलामी सोसणाऱ्या वारल्यांनी किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये मान वर केली, तेव्हा त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातील तलवाड्यास १० ऑक्टोबर रोजी जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती तिथे पडले. त्यांच्या हातांत काठ्या आणि कोयते होते. दर वर्षी त्या दिवशी तलासरीत लाल बावटे निघतात. संग्राहक रायफलीचा ‘पूर्ववृत्तान्त’ विचारतो, म्हणजे ती कोणत्या संस्थानिकाची, कोणत्या कलेक्टराची, हे त्यास हवे असते. ती कोणाच्या समोर धरली गेली, हा रकाना त्याच्या वहीत नाही. मला वाटते तो असावा. भाव कमी होईल, पण नोंद पुरी होईल.

तूर्त अशा रायफलींचे पुढे काय होणार, याचे उत्तर घराघरांत वेगवेगळे आहे. मालक सत्तरीला पोचला किंवा हत्यार पंचवीस वर्षे बाळगून झाले, की हयातीतच ते वारसाच्या नावे करून देण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. परंतु वारस बोरिवलीच्या सदनिकेत राहतो, किंवा त्याहून दूर, आणि त्याला बंदूक नको असते, तिची कटकट तर मुळीच नको असते. विकावयाचे, तर पंचेचाळीस दिवस आधी लेखी कळवावे लागते, घेणाऱ्याचा परवाना लागतो, आणि तो परवाना मिळेपर्यंत कधीकधी विकणारा राहत नाही. वस्तू शंभर वर्षांपलीकडची आणि ऐतिहासिक मोलाची ठरली, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेरचा रस्ताही बंद. मग ती ठाण्यातच राहते. निवडणूक आटोपली, की इतर लोक पावती दाखवून आपापली हत्यारे घेऊन जातात. मुद्देमालाच्या खोलीत, फळीवर, चिठ्ठी बांधलेली तेवढी ही उरते. चिठ्ठीवर नाव मृताचे, बोर .३१५, आणि ‘शेरा’ या रकान्यात कोणा हवालदाराने लिहिलेले दोन शब्द: वारस अनुपस्थित.