मराठी घोडदळास घोडीं कोठून मिळत?

मराठ्यांच्या मोगलांशीं झालेल्या युद्धावरील ग्रंथांत स्वाराची तरवार, भाला आणि दौड यांचें वर्णन विपुल आहे. त्या स्वाराखालचें घोडें कोठून आलें, तें कोणी पोसलें व तें हिरावून घेण्यास शत्रूनें काय उपाय योजिले, याचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. वास्तविक ज्या पक्षास त्याचा शत्रु बंडखोर म्हणतो व ज्याच्यापाशीं भरलेला खजिना नसतो, त्याला वाहन मिळणें हाच युद्धाचा पहिला प्रश्न होय.

सर्वांत जवळची वाट शत्रूच्या तबेल्याची. इ. स. १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं रात्रीं शिड्या लावून जुन्नर शहरांत प्रवेश केला. त्या लुटींत ३ लक्ष होनांबरोबर २०० घोडीं हातीं आलीं. दोन वर्षांनीं अफजलखानाची छावणी बुडाली, तेव्हां ४,००० घोडीं, १,२०० उंट व ६५ हत्ती मिळाल्याचें बखरकार सांगतात. आंकडा फुगविलेला आहे असें धरलें, तरी एवढीं जनावरें एका दिवसांत कोणत्याहि बाजारांत मिळालीं नसतीं हें उघड आहे.

दुसरी वाट घरची. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टू अंगानें लहान, पण काटक, थोड्या वैरणीवर निभावणारें व घाटवाटेंत न अडणारें. असें घोडें ज्या पाटलापाशीं किंवा सधन कुणब्यापाशीं असे, तो तें घेऊन चाकरीस आला कीं शिलेदार झाला. तिसरी वाट खरेदीची. परंतु समुद्रमार्गें येणाऱ्या अरबी घोड्याचें मोल सामान्य स्वारास झेपणारें नव्हतें, म्हणून तिचा विस्तार येथें करीत नाहीं.

महाराजांचा ओढा पागेकडे होता. पागेंतील बारगिराचें घोडें सरकारचें. सभासदानें दिलेल्या व्यवस्थेप्रमाणें २५ बारगिरांवर एक हवालदार असे व तेवढ्या घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असे. या दोन क्षुद्र वाटणाऱ्या नेमणुकींवरूनच घोड्याची काळजी किती बारकाईनें घेतली जात होती तें कळतें. शिलेदाराची गोष्ट निराळी. त्याचें घोडें मेलें कीं त्याची रोजी बुडे. म्हणून तो तें जपे आणि केव्हां केव्हां ऐन लढाईंतहि जपे.

इ. स. १६८९ मध्यें संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला व राजाराममहाराज जिंजीकडे गेले. पागेची जुनी शिस्त मोडली व सरदारांना आपापल्या घोड्यांची तरतूद बहुतांशीं आपणच करावी लागली. ती त्यांनीं मोगलांच्याच जिवावर केली. इ. स. १६९५ मध्यें संताजी घोरपड्यांनीं कासीमखानाचा आघाडीस गेलेला पेशखाना लुटला, मदतीस आलेल्या खानास घेरलें व दोड्डेरीच्या लहानशा गढींत कोंडलें. दाणावैरण संपली. खान तेथेंच मेला आणि उरलेल्या सरदारांनीं घोडीं, हत्ती व सारी चीजवस्त टाकून, वर खंडणी कबूल करून आपली सुटका करून घेतली. अकबराच्या वेळेपासून मोगल लष्करांत घोड्यास डाग देण्याची व चेहरा लिहिण्याची रीत चालत आली होती. तिनें मनसबदाराची लबाडी पकडतां येई. परंतु डाग दिलेलें घोडें संताजीच्या स्वाराखाली जाण्यास डागाची हरकत नव्हती.

मोगलांचे उपाय काय? पाठलागासाठीं फौजा नेमिल्या. त्यांत झुल्फिकारखानासारखे खंबीर सेनापतीहि होते. पण त्यांचीं जड घोडीं धांवून थकत व तट्टू पुढें निसटे. मग इ. स. १६९९ पासून बादशहानें स्वतः किल्ल्यामागून किल्ला वेढण्याचा क्रम धरिला. किल्ल्यावर घोडदळ राहत नाहीं, एवढी साधी गोष्ट त्यानें लक्षांत घेतली नसेल असें वाटत नाहीं, तथापि इ. स. १७०२ मध्यें विशाळगड घेऊन भर पावसाळ्यांत परततांना त्याच्याच लष्करांतील जनावरें चिखलांत व पुरांत अतोनात मेलीं. मराठे सरदारांस मनसबी देऊन फोडणें हा त्यांतल्या त्यांत शहाणपणाचा मार्ग, कारण तेथें स्वार घोड्यासकट येई. म्हसवडचे नागोजी माने यांच्यासारखे सरदार आज इकडे तर उद्यां तिकडे असत, हें त्याचें वैगुण्य.

सर्वांत बोलका उपाय भीमसेन सक्सेना यानें आपल्या ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ ग्रंथांत नमूद केला आहे. हा गृहस्थ मोगलांच्या नोकरींत दक्षिणेंत राहिलेला, म्हणून त्याची साक्ष मोलाची. बादशाही मुलखांतील रयत मराठ्यांस सामील होते अशी खबर दरबारीं गेली. तेव्हां गांवोगांवचीं घोडीं व हत्यारें जप्त करावीं असा हुकूम सुटला. बहुतेक गांवीं तो अंमलांत आला, आणि परिणाम असा झाला कीं रयतेनें नवीं घोडीं व हत्यारें पैदा केलीं व ती उघडच मराठ्यांस जाऊन मिळाली. ज्या कुणब्याचें घोडें कालपर्यंत शेतावर व बाजारास जात होतें, त्याला शिलेदार करण्याचें काम बादशहाच्याच हुकुमानें केलें.

याच्या शेजारीं महाराजांचें चिपळूणच्या लष्करास राज्याभिषेकाच्या सुमारास गेलेलें प्रसिद्ध पत्र ठेवून पाहावें. त्याचा विषय लढाई नव्हे, वैरण आहे. दाणा व गवत पावसाळाभर पुरवून वापरा, नाहीं तर घोडीं मरतील व तीं तुम्हींच मारलीं असें होईल. रयतेच्या घरचें कांहीं उचलाल तर तिला मोगल बरे वाटूं लागतील. जळती वात उंदीर ओढून नेईल व गंजी पेटेल. असा त्याचा आशय. घोडें एका रात्रींत मिळवितां येतें. पोसावें बारा महिने लागतें, आणि पोसणारा कुणबीच असतो. आमच्या मतें मोगलांस इलाज होता तो येथेंच: कुणब्याची वैरण व घोडें त्याच्याकडे राखून त्यास आपलासा करणें, आणि पावसाळी छावण्यांचा चारा तोडणें. पहिलें त्यांनीं केलें नाहीं, व दुसऱ्याच्या वेळीं ते किल्ल्यांखाली भिजत बसले.

हें सारें सांगण्याचें कारण एक आहे. थोड्या काळापूर्वीं एका घराण्याचें दप्तर पाहण्यास मिळालें. सनदा व महजर लाल कापडांत नीट बांधलेले होते. चंदी, गवत व नालबंदी यांच्या मोडी यादी मात्र निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकलेल्या, अर्ध्या वाळवीनें खाल्लेल्या. पागेंत किती घोडीं होतीं, कोणत्या गांवाहून वैरण येई, मेलेल्या घोड्याचा खर्च कोणाच्या नांवें पडे, हें त्या यादींवांचून दुसरीकडे मिळणें कठीण. अशा यादी ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या टाकूं नयेत. निदान त्यांची नक्कल, गांवांच्या नांवांसह, करून ठेवावी.