पथ्याच्या नावाखाली उपासमार

यकृताचा सिरोसिस झाला की डाळ बंद, अंडं बंद, पेज तेवढी चालू. या सल्ल्याचं मूळ शोधत गेलं तर आपण थेट सेंट पीटर्सबर्गमधल्या कुत्र्यांपाशी जाऊन पोचतो. 1893 मध्ये पाव्हलॉव्ह आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्यांतून यकृताकडे जाणारं रक्त परस्पर मोठ्या शिरेत वळवलं. मांस खाल्लं की ती कुत्री भ्रमिष्टासारखी वागू लागत. 1954 मध्ये लंडनला शीला शेरलॉक यांनी रुग्णांमध्ये असाच प्रकार मांडला, आणि प्रथिनं तोडणं हा इलाज ठरून गेला.

खरं तर 1941 मध्येच न्यूयॉर्कच्या पटेक आणि पोस्ट यांनी सिरोसिसच्या रुग्णांना भरपूर खाऊ घालून, बी जीवनसत्त्वं देऊन सुधारणा दाखवली होती. ते मागे पडलं. सिरोसिसची तीव्रता ठरवणाऱ्या चाइल्ड यांच्या 1964 च्या वर्गवारीत पोषण हा पाचांतला एक निकष होता. 1973 मध्ये प्यू यांनी तो काढून रक्त गोठण्याची चाचणी घातली. आकडा मिळाला, पण दंडावरचं मांस हिशेबातून गेलं.

ही झीज वजनकाट्यावरही दिसत नाही. कानशिलं खोल जातात, दंड काठीसारखे होतात, काटा मात्र हलत नाही, कारण पोटात पाणी साचलेलं असतं. पित्त कमी पडल्यानं अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. जस्त लघवीवाटे जातं. दारू पिणाऱ्याच्या अंगात थायमिनही अनेकदा कमी असतं. आणि यकृत थकलं की अमोनिया निपटायचं काम स्नायूंवर येतं. प्रथिनं तोडून आपण तोच आधार काढून घेत होतो!

2004 मध्ये बार्सिलोनाच्या कोर्दोबा यांनी शुद्ध हरपलेल्या रुग्णांनाही पूर्ण प्रथिनं दिली. भ्रम वाढला नाही. उलट प्रथिनं तोडलेल्यांचे स्नायू जास्त झिजले. पुढे दिल्लीतही डाळी-दुधाच्या आहाराचा फायदा दिसला. आता किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सांगतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला निदान 72 ग्रॅम. वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात.

मीठ कमी करणं हे पथ्य मात्र जलोदरात खरंच. शिवाय सिरोसिसमध्ये एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाएवढा पडतो. म्हणून झोपताना दूध आणि बिनमिठाचे फुटाणे द्यायचे, रुग्ण नको म्हणाला तरी.